शून्य नोंदी आढळल्या

माझा मामेभाऊ जत तालुक्यात शेती करतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी-बाजरीचे रान. त्यात त्याने कर्ज काढून दोन एकर डाळिंब लावले आणि तिसऱ्या वर्षी पहिला मृग बहार धरला. ऑगस्टमध्ये पानांवर बारीक काळपट डाग दिसू लागले. आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणतो. अण्णा दहावीपर्यंत शिकलेला, हातात मोबाइल, आणि मोबाइलवर शोधले की काहीही सापडते यावर त्याचा पुरता विश्वास. रात्री जेवण झाल्यावर अंगणात बसून त्याने टाइप केले : 'डाळिंब पानावर डाग औषध'. उत्तरे धो-धो आली. औषधांची नावे, प्रमाण, फवारणीची चित्रफीत, सगळे मराठीत. अण्णाने त्यातले सगळ्यात वरचे वाचले, दुसऱ्या दिवशी दुकानातून बुरशीनाशक आणले आणि आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारले.

डाग फळांवर उतरले. मग फळांना तडे जाऊ लागले. गावात दुसऱ्याच कामासाठी आलेले कृषी सहायक बांधावरून चालले होते, त्यांना अण्णाने हाक मारली. त्यांनी औषधाचे नाव सांगण्याआधी एक पान तोडले आणि उजेडासमोर धरले. "डागाच्या कडेला पाणी मुरल्यासारखं दिसतंय, बघा. पाऊस झाला की वाढतं ना? कलमं कुठून आणली होती? शेजारी कुणाची बाग आहे?" चार प्रश्न झाले आणि मग ते म्हणाले, "हा तेल्या आहे. ही बुरशी नव्हे, जिवाणूंचा रोग आहे. तुम्ही मारलेलं औषध याला लागू पडत नाही."

दिवाळीला भेट झाली तेव्हा अण्णा जे बोलला ते मी अजून विसरलेलो नाही. "अरे, मी डाग म्हणून विचारलं, मला डागाचं उत्तर आलं. तेल्या हा शब्द मला काय ठाऊक नव्हता? रोज कानावर पडतो. पण हाच तो तेल्या, हे कुठं ठाऊक होतं?"

संगणकाकडून माहिती मिळवण्याच्या शास्त्रात जी सर्वांत अवघड गाठ आहे, ती या एका वाक्यात आली आहे. माहिती साठवणे आता अवघड राहिलेले नाही, आणि साठवलेल्या कोट्यवधी पानांतून हवा तो शब्द क्षणात शोधून काढणे हेही नाही. अवघड आहे ते विचारणाऱ्याचे आणि यंत्राचे बोलणे जुळणे. ज्याला माहिती हवी आहे त्याच्या ज्ञानात कुठेतरी खड्डा पडलेला असतो, म्हणून तर तो विचारायला येतो. आणि आपण त्यालाच सांगतो की, त्या खड्ड्याचा नेमका आकार दोन-चार शब्दांत लिहून दे. निकोलस बेल्किन या अभ्यासकाने १९८० च्या सुमारास हीच अडचण आपल्या सिद्धांताच्या केंद्रस्थानी आणली. त्याच्याही आधी, १९६८ साली, रॉबर्ट टेलर याने ग्रंथालयात येणाऱ्या माणसाच्या प्रश्नाच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या. आधी नुसती हुरहुर, शब्दही न फुटलेली. मग मनातल्या मनात धूसर आकार. मग वाक्यात बसवलेला प्रश्न. आणि शेवटी, ग्रंथालयाला समजेल अशा बेताने कातरून-छाटून केलेली तडजोड. शोधाच्या चौकटीत आपण जे टाइप करतो ती ही चौथी पायरी. यंत्राला पहिल्या तीन दिसतच नाहीत.

चांगल्या ग्रंथपालाला त्या दिसत, निदान त्या आहेत हे तो जाणून असे. आपल्याकडचे डॉ. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवावा, असे सांगते. हे सूत्र ऐकायला आजच्या शोधयंत्राच्या जाहिरातीसारखे वाटते. पण जाणत्या ग्रंथपालाची वेळ वाचवण्याची पद्धत उलटी होती. तो आधी वाचकाचा थोडा वेळ घेई. "कशासाठी हवंय? कितवीच्या मुलासाठी? आधी काय वाचलंय?" असे विचारून मग कपाटाकडे वळे. प्रश्नाला उत्तर देण्याआधी उलट प्रश्न करणे हे त्याचे मुख्य कौशल्य. संगणकीय शोधाने पहिल्याच फटक्यात हे कौशल्य गाळून टाकले, आणि त्यालाच आपण वेग म्हणू लागलो.

आता शब्दांचे पाहू. अमेरिकेतल्या बेल कम्युनिकेशन्स रिसर्च या संस्थेतल्या फर्नास, लँडाउअर, गोमेझ आणि ड्यूमे या चार संशोधकांनी १९८७ साली एक साधा पण धक्का देणारा निष्कर्ष प्रसिद्ध केला. एकाच वस्तूला किंवा कृतीला लोक आपणहून काय नाव देतात, हे त्यांनी तपासले. त्यासाठी वापरलेल्या नमुन्यांत अगदी पाककृतीही होत्या. दोन माणसांनी एकाच गोष्टीला आपणहून तोच शब्द वापरण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी निघाली. विश्वास बसत नसेल त्यांनी घरात करून पाहावे. एकाच भाजीला आई भरली वांगी म्हणेल, सून मसाल्याची वांगी म्हणेल आणि मुलगा नुसते 'वांगं' म्हणून नाक मुरडेल. स्वयंपाकघरात यामुळे कुणी उपाशी राहत नाही. संगणकाच्या सूचीत मात्र ज्याने नाव दिले तो आणि ज्याने शोधले तो यांची गाठच पडत नाही.

याहून गंभीर गोष्ट डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी १९८५ साली दाखवून दिली. माहितीशोधाच्या इतिहासातला हा प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका मोठ्या कंपनीच्या खटल्यासाठी सुमारे ४० हजार कागदपत्रे, म्हणजे जवळजवळ साडेतीन लाख पाने, संगणकावर चढवण्यात आली होती. शोधप्रणाली आयबीएमची, त्या काळातली नावाजलेली. शोध घेणारे कायद्याचे जाणकार, त्याच खटल्यात मुरलेले. त्यांची अट होती की, संबंधित कागदांपैकी निदान ७५ टक्के तरी हाती आले पाहिजेत, नाहीतर बचाव उभा करता येणार नाही. पुन्हा पुन्हा शब्द बदलून शोध झाला आणि आपल्याला हवे तेवढे मिळाले, असे वकिलांनी समाधानाने सांगितले. मग संशोधकांनी उरलेल्या कागदांतून नमुने काढून स्वतंत्रपणे तपासणी केली. प्रत्यक्षात सरासरी २० टक्केच हाती लागले होते. पाचांतला एक.

असे का झाले, याचे कारण त्या खटल्यातल्या माणसांइतकेच आपल्यालाही ओळखीचे आहे. वकिलांनी 'अपघात' हा शब्द शोधला. पण ज्यांच्या अंगाशी प्रकरण येणार होते त्यांनी आपल्या पत्रांत अपघात हा शब्द वापरलाच नव्हता. ते 'घटना' म्हणत होते, 'प्रसंग', 'परिस्थिती', 'अडचण' म्हणत होते. काही पत्रांत तर 'आपल्या मागील पत्रातील विषय' एवढाच उल्लेख. तंत्रज्ञांनी केवळ यंत्राच्या बिघाडाचे बारकावे लिहिले होते, त्यांत अपघाताचा मागमूसही नव्हता.

आपल्या सरकारी मराठीत ज्याने चार दिवस काढले आहेत त्याला याचे नवल वाटणार नाही. आपल्याकडे दंगल होत नाही, अनुचित प्रकार घडतो. दुष्काळाची कथा तर याहून पक्की आहे. महाराष्ट्रात १९६३ साली एक कायदाच झाला, ज्याने राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द वगळला आणि त्या जागी 'स्केअर्सिटी' आणला. त्यानंतर कितीतरी वर्षे सरकारी कागदांत टंचाई असे, टंचाईसदृश परिस्थिती असे. १९७२ साली खडी फोडायला गेलेली माणसे त्याला दुष्काळच म्हणाली आणि आजही म्हणतात. उद्या एखाद्या विद्यार्थिनीने सरकारी कागदपत्रांचा सगळा साठा संगणकावर उघडून 'दुष्काळ' एवढाच शब्द शोधला आणि जे सापडेल त्यावर प्रबंध लिहिला, तर तिचा दुष्काळ प्रत्यक्षाहून कितीतरी लहान दिसेल. यंत्र तिच्याशी खोटे बोललेले नसेल. तिने जे विचारले त्याचेच उत्तर त्याने दिलेले असेल. न सापडलेले कागद 'आम्ही इथे आहोत' असे ओरडून सांगत नाहीत, ही या शास्त्रातली खरी गोम आहे. सापडलेले चुकीचे असेल तर ते वाचून कळते. राहून गेलेले कसे कळणार?

मराठी माणसाच्या वाट्याला याखेरीज आणखी एक दुखणे येते, ते भाषेच्या घडणीतले. इंग्रजीत शब्दाला शेपूट फुटले तरी तोंडवळा सहसा तोच राहतो. आमचा शब्द विभक्तीचा प्रत्यय लागण्याआधीच रूप पालटतो. पाणी पाण्यात जाते, वीज विजेवर चालते, मूल मुलाला हाक मारते. आणि उसाचे तर पहिले अक्षरच बदलते. शेतकरी 'ऊस' असे टाइप करतो आणि माहितीपत्रकात असते 'उसावरील कीड'. व्याकरण न शिकवलेल्या यंत्राच्या दृष्टीने हे दोन परके शब्द. भारतीय भाषांतल्या माहितीशोधाची पद्धतशीर पारख २००८ पासून 'फायर' या उपक्रमात सुरू झाली, तिच्यात मराठी वृत्तपत्रांतल्या बातम्यांचा संग्रहही होता. प्रत्यय छाटून शोध घेतला की मराठीत निकाल स्पष्टपणे सुधारतात, असे त्या निमित्ताने झालेल्या अभ्यासांत दिसले. म्हणजे औषध ठाऊक आहे. पण आपल्या ग्रंथालयांच्या आणि खात्यांच्या कितीतरी साध्या सूच्यांपर्यंत ते अजून पोचलेले नाही.

शुद्धलेखनाची गोष्ट वेगळीच. १९६२ साली नियम बदलले आणि शब्दांच्या डोक्यावरचे कितीतरी अनुस्वार उतरले. त्याआधीची पुस्तके मात्र ते अनुस्वार धारण करूनच कपाटात बसली आहेत. एका जुन्या ग्रंथालयाच्या नव्याकोऱ्या संगणकीय सूचीत मी त्रिंबक नारायण आत्रे यांचे १९१५ सालचे प्रसिद्ध पुस्तक शोधायला गेलो आणि 'गावगाडा' असे टाइप केले. पडद्यावर आले : शून्य नोंदी आढळल्या. पलीकडे बसलेल्या बाई म्हणाल्या, "अनुस्वार द्या, आणि मध्ये आडवी रेघ." दिली. पुस्तक हजर! 'गांव-गाडा'. बाईंना हे ठाऊक होते म्हणून बरे. घरी बसून शोधणाऱ्याला कोण सांगणार? तो बिचारा असे समजून चालेल की, पुस्तक तिथे नाहीच.

डोळ्यांना न दिसणारे घोटाळेही आहेत. 'दऱ्या' हा शब्द घ्या. यातला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एकतर 'ऱ' हे वेगळे अक्षर घेऊन, नाहीतर साध्या 'र'चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. समज न दिलेल्या यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. ते अदृश्य चिन्ह कुठे गळून पडले तर आपल्या दऱ्यांचा दर्या होतो, डोंगरातला माणूस समुद्रात! युनिकोड रुळण्यापूर्वी तर प्रत्येक फॉण्टवाल्याची लिपी त्याची त्याला ठाऊक. त्या काळी संगणकावर जुळवलेला मराठी मजकूर रूपांतर केल्याशिवाय आज शोधायला गेले, तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा कालवा हाती येतो. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची उभी केली. ती कागदावरची सूची आजही उघडली की वाचता येते.

असो. हा सगळा दोष यंत्र बनवणाऱ्यांच्या आळसाचा आहे, असे मी म्हणणार नाही. दोष कुठे शिरला ते पाहायचे तर इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डला जावे लागते. तिथल्या विमानशास्त्राच्या महाविद्यालयात सिरिल क्लेव्हर्डन या ग्रंथपालाने १९५०-६० च्या दशकांत शोधप्रणालींची परीक्षा कशी घ्यावी याचा पाया घातला. ठराविक लेखांचा संग्रह, ठराविक प्रश्न, आणि कोणत्या प्रश्नाला कोणता लेख लागू, हे आधीच ठरवून ठेवलेले. त्याच्या दुसऱ्या प्रयोगात असे १,४०० लेख होते. पद्धत चोख होती, तिच्यामुळेच हे शास्त्र शास्त्र झाले. पण मोजमाप नेमके व्हावे म्हणून प्रयोगशाळेतून एक गोष्ट बाहेर ठेवावी लागली, ती म्हणजे प्रश्न विचारणारा जिवंत माणूस. जो थकतो, शब्द विसरतो, पहिले उत्तर वाचून प्रश्नच बदलतो. मार्शिया बेट्स या विदुषीने १९८९ साली याला रानातली बोरे वेचण्याची उपमा दिली. चार इथे मिळाली, मग पुढच्या झुडपाकडे, आणि जाता जाता मनातली इच्छाही पालटते. क्रॅनफिल्डच्या तराजूत ही बोरे मावत नव्हती. पुढच्या काळात माणसाला परत आत आणण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले, नाही असे नाही. पण जे मोजले जाते तेच सुधारते, आणि दीर्घकाळ मोजले गेले ते यंत्र.

या काळात माणूसही बदलला, आणि बदलला तो यंत्राच्या सोयीने. सुरुवातीच्या शोधयंत्रांच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा लोक सरासरी दोन-सव्वादोन शब्दांतच प्रश्न उरकतात, असे दिसले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांची नजर पडद्यावर कुठे फिरते हे टिपले. त्यांनी एक खोडीही केली : उत्तरांची यादी गुपचूप उलटी करून दाखवली, तळाचे वर आणि वरचे तळाला. तरीही मुलांची पसंती वरच्यालाच झुकलेली राहिली. २००७ साली हे प्रसिद्ध झाले. म्हणून अण्णाने सगळ्यात वरचे वाचले आणि दुकान गाठले, यात त्याच्या खेडवळपणाचा काही संबंध नाही. विद्यापीठातली मुलेही तेच करतात.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि तेव्हापासून यादीच्या जागी थेट उत्तर, तेही गोड वाक्यांत, मिळू लागले. याने बरेच काही सोपे झाले, हे कबूल केले पाहिजे. शब्द हुकला तरी अर्थ हेरण्याची या यंत्रांची ताकद जुन्या शोधापेक्षा कितीतरी मोठी आहे. 'डाग' म्हटल्यावर 'तेल्या'पर्यंत ती पोचू शकतात. उलट प्रश्न विचारण्याची क्षमताही त्यांच्यात आहे. पण न विचारताच उत्तर देऊन टाकण्याचा त्यांचा कल दांडगा आहे, आणि चुकले तरी आवाजातला ठामपणा तोच. जुन्या यादीत निदान दहा दरवाजे दिसत होते. इथे एकच दरवाजा उघडतो आणि बाकीचे नऊ होते की नव्हते, याचाही पत्ता लागत नाही. ब्लेअर-मॅरनच्या वकिलांना २० टक्के मिळाले असता ७५ टक्के मिळाल्यासारखे वाटले. एकाच सुरेख परिच्छेदात सगळे मिळाल्यावर आपल्याला किती मिळाल्यासारखे वाटत असेल?

माझी मागणी मोठी नाही. ज्या ग्रंथालयांनी, विद्यापीठांनी आणि सरकारी खात्यांनी मराठी शोधाची सोय केली आहे त्यांनी एक वही ठेवावी. ज्या ज्या शोधाला शून्य नोंदी आढळल्या, तो शोधशब्द त्या वहीत उतरावा. माणसाचे नाव-गाव नको, फक्त शब्द. महिन्याला एकदा कुणी जाणत्याने ती वाचावी आणि लोकांचा शब्द सूचीतल्या शब्दाला जोडून द्यावा : दुष्काळ टंचाईला, गावगाडा गांव-गाड्याला, ऊस उसाला. खर्च म्हणाल तर एका माणसाचा महिन्याला एक दिवस. लोक आपल्या भाषेत काय विचारत आहेत आणि आपण कुठे गप्प बसलो आहोत, याचा इतका स्वस्त हिशेब दुसरा नाही. आणि शोधाच्या निकालावर एक ओळ छापावी : 'आम्ही अमुक शब्द शोधला, तमुक शोधला नाही.' वाचक मग पुढचे स्वतः पाहील.

एवढे लिहून झाल्यावर लक्षात आले की, अण्णाचा शोध या वहीत कधीच उतरला नसता. त्याला शून्य उत्तरे आली नव्हती, ढीगभर आली होती. त्याच्यासाठी वही पुरत नाही. पान उजेडासमोर धरून "पाऊस झाला की वाढतं ना?" असे विचारणारे कुणीतरी लागते, मग ते यंत्र असो की बांधावरून चाललेला माणूस. अण्णाच्या दोन एकरांपैकी एक एकर बाग त्याने काढून टाकली. उरलेल्या एकरावर या पावसाळ्यात पुन्हा काही डाग दिसले, तेव्हा त्याने आधी फोन केला तो कृषी सहायकांना. त्यांची बदली झाली होती.